डिसॅबिलिटी पेन्शनचं काम वर्दी अंगावर असतानाच कसं करून घ्यायचं

सोलापूर जिल्ह्यातनं फौजेत गेलेली पोरं, बार्शी माढा सांगोला मंगळवेढा अक्कलकोट कुठलीपण असू द्या, पंधरा-सतरा वर्षं नोकरी करून घरी येतेत आणि मग दोन-चार महिन्यानी विचारतेत की माझी कंबर गेलीय, एका कानानं ऐकू येत नाही, बीपीची गोळी चालू आहे, तर डिसॅबिलिटी पेन्शनचा, म्हणजे नोकरीमुळं झालेल्या किंवा वाढलेल्या दुखण्यासाठी मिळणाऱ्या पेन्शनचा, अर्ज कुठं मिळंल. मी पलटणीत क्लर्क होतो, रिलीजला, म्हणजे नोकरी संपवून घरी, निघालेल्यांची कागदं माझ्या टेबलावरनं जायची, म्हणून हे लिहितोय. घरी आल्यावर क्लेम करायची वाट अगदीच बंद नसते, पण ती फार लांबची आणि वकिलाची वाट आहे. खरा निकाल लागतो तुम्ही वर्दीत असताना जे शेवटचं मेडिकल बोर्ड होतं त्याच्यावर, आणि ते बोर्ड बघतं तुमच्या आधीच्या सगळ्या नोकरीच्या कागदाकडं. म्हणजे ज्याला पुढच्या वर्षी-दोन वर्षात निघायचंय त्यानं आजपासनं लागायचं.

आधी हे समजून घ्या की निघताना दोन प्रकारची तपासणी असतीय. जो शेप-वन, म्हणजे तब्येतीनं पूर्ण फिट, आहे त्याचं साधं रिलीज मेडिकल एक्झामिनेशन होतं, एएफएमएसएफ-१८ नावाच्या फॉर्मवर. जो लो मेडिकल कॅटेगरीत आहे, ज्याला आपण एलएमसी म्हणतो, त्याचं रिलीज मेडिकल बोर्ड होतं, एएफएमएसएफ-१६ वर. शेप म्हणजे एस मनाची तब्येत, एच कान, ए हातपाय, पी बाकी शरीर आणि ई डोळे, त्यातलं काही एक नंबरच्या खाली गेलं की कॅटेगरी लागली. आता मुद्दा असा की किती टक्के डिसॅबिलिटी आणि ती नोकरीमुळं झाली का, हे फक्त बोर्ड लिहितं. शेप-वन म्हणून निघाला तर तुमच्या टक्केवारीचा प्रश्नच कुणी काढत नाही, दुखणं कितीपण खरं असू द्या.

आणि इथंच आपली पोरं अडकतेत. कंबर दुखतीय पण एमआय रूमला, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, जायचं नाही, गेलं तर कॅटेगरी लागंल, कॅटेगरी लागली तर प्रमोशन कॅडरचं काय, एक्स्टेन्शनचं काय, बाहेरच्या पोस्टिंगचं काय. ही भीती खोटी नाही, मी स्वतः कागद बघितलेत, कॅटेगरीचा फरक पडतो. म्हणून मग काय होतं, सुट्टीवर सोलापूरला आलं की खाजगी दवाखान्यात एमआरआय काढायचा, गोळ्या घ्यायच्या, पट्टा बांधायचा आणि परत जाऊन गप ड्युटी करायची. पाच-सात वर्षं असं चालतं. निघायच्या वेळेला तो एमआरआय बाहेर काढतेत आणि बोर्ड म्हणतं की आमच्या रेकॉर्डला तर हे नाहीच. बाहेरचा कागद अगदीच कचरा नसतो पण एकट्या त्या कागदावर काही उभं राहत नाही. माझं म्हणणं स्पष्ट आहे, ज्या दुखण्याला घेऊन तुम्ही उरलेली चाळीस वर्षं जगणार आहात ते प्रमोशनसाठी लपवू नका, आणि ज्याला निघायला दोन वर्षंच राहिलीत त्याला तर लपवून मिळणार काय आहे.

तर पहिलं काम, सिक रिपोर्ट करा आणि प्रत्येक वेळी लिहून घ्या. आरएमओ साहेबांना, म्हणजे पलटणीच्या डॉक्टरांना, तोंडी सांगून पेनकिलर घेऊन आलात तर ते झालंच नाही असं समजा. ओपीडीच्या कागदावर तारीख, जागा आणि तक्रार आली पाहिजे. मिलिटरी हॉस्पिटलला ॲडमिट झालात तर डिस्चार्ज स्लिप, एक्स-रे, ऑडिओमेट्रीचा म्हणजे कानाच्या तपासणीचा कागद, स्पेशालिस्टचं ओपिनियन, या सगळ्याची झेरॉक्स आणि मोबाईलमधे फोटो. एक कॉपी घरी ठेवा, ट्रंकेत ठेवलेली कागदं पोस्टिंगमधे हरवतेत. दुखणं पहिल्यांदा कधी आणि कुठं सुरू झालं हे बोर्डाला सगळ्यात जास्त बघायचं असतं. समजा बीपी पहिल्यांदा वाढलेला सापडला तुम्ही फील्डमधे, म्हणजे सीमेवर नाहीतर ऑपरेशनच्या भागात, किंवा हाय अल्टिट्यूडला असताना, पण त्या एमआय रूमच्या कागदाचा पत्ताच नाही आणि पक्कं निदान झालं दोन वर्षानी पीस स्टेशनला, म्हणजे शांत भागातल्या छावणीत, तर बोर्ड धरणार की आजार पीसमधे सुरू झाला, म्हणजे नोकरीचा ताण नाही. एक जुना चिटोरा असला तर सगळी केस बदलती. आर्टिलरीवाल्यांनी आणि फायरिंग रेंजवर वर्षानुवर्षं काढलेल्यांनी कानाची तपासणी मागून घ्या, कानात शिट्टी वाजल्यासारखं होतंय हे सांगायला लाजू नका.

जखमेचं वेगळं आहे. पीटीमधे, ऑब्स्टॅकलवर, ट्रेनिंगमधे, गाडीच्या ॲक्सिडेंटमधे, कुठंपण लागलं तर इंज्युरी रिपोर्ट बनला पाहिजे, त्याचा फॉर्म आयएएफवाय-२००६ म्हणून ओळखतेत. त्यात सीओ साहेब, म्हणजे पलटणीचे कमांडिंग ऑफिसर, लिहितेत की जवान ड्युटीवर होता का नव्हता. गंभीर असलं तर कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे फौजेची आतली चौकशी, होती. मग ते पार्ट टू ऑर्डरला, म्हणजे युनिटच्या नोंदीच्या कागदाला, चढलं का हे क्लर्ककडं जाऊन डोळ्यानं बघा, चढलं असंल असं धरून बसू नका. गुडघ्याचं लिगामेंट बास्केटबॉल खेळताना गेलं तरी युनिटच्या ठरलेल्या गेम परेडला गेलं असंल तर ती ड्युटी आहे, पण कागदावर नुसतं "खेळताना पडला" एवढंच लिहिलं तर वाचणारा म्हणणार घरचा खेळ होता. म्हणून रिपोर्ट बनतानाच शब्द बघा.

सुट्टीतल्या ॲक्सिडेंटचं लोक फार विचारतेत, कारण आपल्याकडं मोहोळ-पंढरपूर रोडला मोटरसायकलवर पडलेले जवान कमी नाहीत. नुसतं सुट्टीवर असताना घरच्या कामाला जाताना लागलं तर ते नोकरीमुळं झालं असं सहसा धरत नाहीत, सुप्रीम कोर्टानंपण म्हटलंय की जखमेचा आणि नोकरीचा काहीतरी संबंध दिसला पाहिजे. पण सरकारी खर्चानं, म्हणजे रेल्वे वॉरंटवर किंवा सवलतीच्या कन्सेशन व्हाउचरवर, युनिटमधनं घरी किंवा घरनं युनिटला प्रवास करताना लागलं तर ते ड्युटीतच धरतेत. तेव्हा ते तिकीट, वॉरंटची कॉपी, लीव्ह सर्टिफिकेट, पोलिस पंचनामा जपून ठेवा आणि युनिटला फोनबरोबर लेखी कळवा, व्हॉट्सॲप केलं म्हणून थांबू नका. सोलापुरात मिलिटरी हॉस्पिटल नाही, इमर्जन्सीत जवळच्या सिव्हिलला किंवा खाजगीला ॲडमिट व्हावं लागलं तर लगेच युनिटला कळवून नंतर पुण्याला किंवा अहिल्यानगरला मिलिटरी हॉस्पिटलमधे दाखवा म्हणजे रेकॉर्ड तुटत नाही.

आता निघायचं वर्ष. डिस्चार्जची तारीख ठरली, पेन्शनची कागदं भरायला सुरू झाली की बोर्डची तारीख लागती. त्याच्या आधी ज्या दुखण्याची कॅटेगरी अजून लागलेली नाही पण त्रास आहे ते सगळं स्पेशालिस्टला दाखवून घ्या, कारण बोर्डच्या दिवशी अचानक नवीन आजार सांगितला तर तिथं तपासायला वेळ नसतो आणि विश्वासपण बसत नाही. ज्याची कॅटेगरी टेम्पररी आहे त्यानं रिकॅटेगरायझेशनची, म्हणजे कॅटेगरी परत तपासायची, तारीख चुकवू नये. एकापेक्षा जास्त दुखणी असली तर सगळी लिहून घ्या. टक्के प्रत्येकाचे वेगळे लागतेत आणि मग एक कंपोझिट टक्केवारी काढतेत, ती सरळ बेरीज नसती, वीस अधिक वीस म्हणजे चाळीस होईलच असं नाही, पण एक दुखणं १५ टक्क्यावर थांबलं तर दुसऱ्यानं तुम्ही २० च्या वर जाऊ शकता. आणि २० टक्के हा आकडा डोक्यात ठेवा, टर्म संपवून निघणाऱ्याला त्याच्या खाली काही मिळत नाही. ज्याला आजारपणामुळं टर्मच्या आधी बोर्डआऊट केलं त्याच्याबद्दल सुप्रीम कोर्टानं २०१४ साली सुखविंदर सिंगच्या केसमधे म्हटलंय की नोकरीतनं काढण्याइतकी डिसॅबिलिटी असंल तर ती २० टक्क्याच्या वरच धरायची.

एएफएमएसएफ-१६ चा पहिला भाग तुमचं स्वतःचं स्टेटमेंट असतं आणि हा भाग लोक सगळ्यात घाईत भरतेत, क्लर्क लिहितो आणि हे सही करतेत. असं करू नका. त्यात कुठं कुठं नोकरी केली, कोणत्या तारखेपासनं कोणत्या तारखेपर्यंत, फील्ड का पीस, हे सगळं येतं. घरी बसून आपल्या सगळ्या पोस्टिंगची यादी आधीच काढा, सियाचिन, काश्मीर, नॉर्थ ईस्ट, सीआय ऑप्स म्हणजे अतिरेक्यांविरुद्धची ड्युटी, जे काही केलं ते तारखांसकट. कोणता आजार कधी सुरू झाला आणि कुठं उपचार घेतले हेपण विचारतेत. भरती व्हायच्या आधी हा त्रास होता का असापण एक प्रश्न असतो, तिथं खरं तेच लिहा, पण लहानपणी एकदा झाडावरनं पडलो होतो असलं काहीतरी अंदाजानं लिहून बसू नका, आजच्या दुखण्याचा त्याच्याशी संबंध नसला तर ते पुढं तुमच्याच विरोधात वाचलं जातं. खोटं मात्र अजिबात नको, खोटं कारण, वाढवून सांगितलेलं दुखणं, दुसऱ्याचा रिपोर्ट. त्यानं तुमची केस तर जातीच पण मागनं येणाऱ्या खऱ्या पोराकडंपण संशयानं बघतेत.

आणखी एक भाग सीओ साहेबांचा. त्यात तुमच्या कामात ताण होता का, ड्युटी काय होती, आजार ड्युटीमुळं वाढला का असं विचारलेलं असतं आणि बऱ्याचदा तिथं एका शब्दात "नाही" लिहून येतं, कुणी मुद्दाम करतं असं नाही, साहेब नवीन असतेत, त्यांना तुमचं सहा वर्षापूर्वीचं फील्ड माहीत नसतं. म्हणून तो भाग जायच्या आधी आपल्या कंपनी कमांडरला आणि सुबेदार साहेबांना भेटा, चार्टर ऑफ ड्युटीज, म्हणजे तुमच्या कामांची यादी, नीट लिहून द्या, नाइट गार्ड किती, क्विक रिॲक्शन टीममधे कधी होता, ड्रायव्हर असाल तर डोंगरातल्या कन्व्हॉय किती. हृदयाच्या केसमधे ॲटॅकच्या आधीच्या १४ दिवसांत काय ड्युटी केली हे बोर्ड बघत आलेलं आहे, तो कागद त्याच वेळी बनवून घ्यायचा असतो, पाच वर्षानी कुणाला आठवणार.

बोर्डच्या दिवशी कडक जवान बनू नका. वर्षानुवर्षं आपल्याला शिकवलंय की दुखलं तरी ठीक आहे साहेब म्हणायचं, ते त्या खोलीत कामाचं नाही. किती वाकता येतं, किती वेळ उभं राहता येतं, रात्री झोप लागती का, पायाला मुंग्या येतेत का, जे आहे ते सांगा. मन बिघडलेलं असलं, झोप उडालेली असली, भीती वाटत असली तर तेपण आजारच आहे, शेपमधला एस उगाच पहिला नाही.

मग बोर्डचं मत येतं. तीन शब्द बघायचे. ॲट्रिब्युटेबल म्हणजे आजार नोकरीमुळं झाला, ॲग्रव्हेटेड म्हणजे आधीचा किंवा स्वतःहून झालेला आजार नोकरीमुळं वाढला, आणि नाना म्हणजे दोन्ही नाही. नाना लिहिलं तर टक्के कितीपण असू द्या पैसे थांबतात. तिथं कारण काय लिहिलंय ते वाचा. नुसतं "कॉन्स‍टिट्यूशनल डिसऑर्डर", म्हणजे शरीराच्या मूळ ठेवणीचाच आजार, किंवा "पीस स्टेशनला सुरुवात" एवढंच असलं तर अपीलमधे बोलायला जागा असती. २ जुलै २०१३ ला धरमवीर सिंगच्या केसमधे सुप्रीम कोर्टानं सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसंल तर तो नोकरीत झाला असं धरायचं, तसं नाही हे दाखवायची जबाबदारी जवानावर नाही आणि बोर्डानं कारण दिलं पाहिजे. त्यावर हजारो लोकांना न्याय मिळालाय. पण २१ सप्टेंबर २०२३ पासनं एंटायटलमेंट रूल्स, म्हणजे कुणाला मिळणार याचे नियम, आणि मेडिकल ऑफिसरांची गाइड दोन्ही नवीन आलीत, लाइफस्टाइलच्या आजारांकडं आता जास्त कडक नजरेनं बघतेत, तेव्हा बीपी, शुगरवाल्यांनी जुन्या निकालाच्या भरवशावर राहू नका, वजन आटोक्यात ठेवा, दारू-तंबाखूची नोंद कागदावर येऊ देऊ नका म्हणजे खरंच सोडा, आणि फील्डचे कागद आणखी घट्ट धरा. नवीन नियमात टर्म पूर्ण करून निघणाऱ्याला जे मिळतं त्याला इम्पेअरमेंट रिलीफ म्हणतेत, हा शब्द पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या कागदावर, दिसला तर घाबरू नका.

सही करायच्या आधी पूर्ण वाचा. पटलं नाही तरी बोर्डची सही अडवून भांडू नका, पण कॉपी लेखी अर्ज करून मागा, नाही मिळाली तर आरटीआय टाका. ही कॉपी सगळ्यात महत्त्वाची आहे.

पैशाचं थोडक्यात सांगतो. डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे सर्व्हिस पेन्शनच्या वर दुखण्यापोटी मिळणारा भाग, १०० टक्क्याला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, आणि कमी टक्क्याला त्या हिशोबात. समजा हिशोबाचा पगार ५०,००० असला तर १०० टक्क्याला १५,००० आणि २० टक्क्याला ३,०००, वर महागाई वेगळी. ३१ जानेवारी २००१ च्या सरकारी पत्रानं बोर्डआऊट झालेल्यांना राऊंडिंग दिलं, म्हणजे ५० च्या खालचं ५० धरायचं, ५० ते ७५ चं ७५, आणि त्याच्यावरचं १००. मग १० डिसेंबर २०१४ ला राम अवतारच्या केसमधे सुप्रीम कोर्टानं तेच टर्म संपवून निघालेल्यांनापण लागू केलं. म्हणजे वरच्या उदाहरणात ३,००० च्या जागी ७,५०० होतेत. तुम्ही कोणत्या तारखेला निघाला आणि कोणत्या नियमात तुमचा हिशोब केलाय हे रेकॉर्ड ऑफिसला लेखी विचारा. २००६ नंतर स्वतःहून प्रीमॅच्युअर निघालेल्यांनापण डिसॅबिलिटी एलिमेंट मिळतं, आपण मर्जीनं आलो म्हणून गेलं असं समजून गप बसलेले बरेच जण आहेत. नोकरीत असताना जखम झाली आणि तुम्हाला ठेवून घेतलं तर एकरकमी पैसे घ्यायचे का ते सोडून निघताना महिन्याचं घ्यायचं हे विचारतेत, तिशीतल्या पोरानं एकरकमीच्या मोहात सही करण्याआधी घरी बसून पूर्ण हिशोब मांडावा. अग्निवीरांचं वेगळं आहे, त्यांना नोकरीमुळं झालेल्या १००, ७५, ५० टक्के डिसॅबिलिटीला ४४, २५ आणि १५ लाख एकरकमी आहे, म्हणून इंज्युरी रिपोर्टची गरज त्यांना तर आपल्यापेक्षा जास्त आहे.

बोर्डनंतर कागद तुमच्या रेकॉर्ड ऑफिसला जातो, मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांचा बेळगावला, महारवाल्यांचा सागरला, आर्टिलरीचा नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचा खडकीला. तिथनं प्रयागराजच्या पीसीडीएकडं, म्हणजे फौजेच्या पेन्शनच्या हिशोबाच्या ऑफिसकडं, आणि पीपीओ येतो स्पर्श या पेन्शनच्या पोर्टलवर. पीपीओ आला की सर्व्हिस पेन्शनची रक्कम बघून खुश होऊन बंद करू नका, खाली डिसॅबिलिटीची ओळ आहे का, टक्के किती, कायमचं आहे का ते बघा. स्पर्शचं जमत नसंल तर गावातल्या सीएससी सेंटरवर होतं, पण ओटीपी आणि पासवर्ड दुसऱ्याकडं ठेवून येऊ नका.

नाकारल्याचं पत्र आलं तर त्या पत्राची तारीख आणि पाकीट दोन्ही ठेवा, पहिलं अपील सहा महिन्याच्या आत करायचं असतं. ते रेकॉर्ड ऑफिसमार्फत जातं. त्यात रडगाणं नको, कोणत्या तारखेला कुठं होतो, कोणता कागद काय सांगतो आणि बोर्डानं कारण दिलेलं नाही, एवढंच मुद्द्यानं, जुन्या कागदांच्या झेरॉक्स जोडून. तेपण फेटाळलं तर दुसरं अपील, आणि मग आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, म्हणजे फौजेच्या केसेसचं कोर्ट, आपल्याला मुंबईचं बेंच. अपील टाकून सहा महिने झाले आणि उत्तरच नाही, तरी ट्रिब्युनलला जाता येतं. उशीर झालेल्यांची दारं पूर्ण बंद नाहीत, पण तरसेम सिंगच्या २००८ च्या निकालामुळं मागची थकबाकी सहसा केस टाकायच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळते, म्हणजे जेवढं बसून राहाल तेवढे पैसे जातेत. टक्केवारीवर कमिशन मागणारे एजंट फिरतेत, त्यांना ओरिजिनल कागद देऊ नका. सोलापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आधी जा, अर्जाचा मसुदा आणि रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार तिथं विचारता येतो, २०२५ पासनं वीर परिवार सहायता योजनेत सैनिक बोर्डांमधे मोफत कायदेशीर मदतीची सोय सुरू झालीय, तीपण तिथंच विचारा.

आणि बायकोला ही फाईल कुठं आहे ते दाखवून ठेवा, बोर्डची कॉपी, पीपीओ, इंज्युरी रिपोर्ट, ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांच्या उपचार योजनेचे कागद एकत्र, कारण ज्या आजाराला डिसॅबिलिटी लागलीय त्याच आजारानं जवान गेला तर तिला साध्या फॅमिली पेन्शनऐवजी स्पेशल फॅमिली पेन्शन मागता येऊ शकते आणि तेव्हा कागद शोधायची ताकद तिच्यात नसती.